डिजिटल संशोधन प्रकल्पात लिंगसमानता प्रत्यक्षात कशी आणावी: प्रस्तावापासून पेटंटपर्यंतची कार्यपद्धती

अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संगणक विभाग असो, सरकारी संशोधन संस्था असो की पाच-सात जणांचा स्टार्टअप असो, लिंगसमानतेचा विषय निघाला की चर्चा गटात मुली किती आहेत एवढ्यावरच येऊन थांबते. ती संख्या महत्त्वाची आहेच. मात्र काम कोण करते याच्या जोडीने निर्णय कोण घेते आणि तयार होणारे तंत्रज्ञान कोणाच्या डेटावर, कोणाची गरज समोर ठेवून घडते, हे दोन प्रश्नही तितकेच मोलाचे आहेत, आणि त्यांतला शेवटचा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. प्रस्तावात, अंदाजपत्रकात आणि चाचणीच्या अहवालात जे लिहिलेले नसते ते प्रकल्पात घडत नाही, असे माझे ठाम मत आहे; म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर कोणत्या कागदावर काय लिहावे हे सांगण्यावर भर दिला आहे.

विवेचन हवेत राहू नये यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. समजा, एका महाविद्यालयातील गट महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना फोनवरून मराठीत पीकसल्ला देणारी सेवा तयार करत आहे. शेतकरी आपल्या बोलीत प्रश्न विचारणार, यंत्रणा तो ऐकून मजकुरात उतरवणार, उत्तर शोधणार आणि ते बोलून दाखवणार. आवाज, भाषा, फोन आणि शेती या चारही गोष्टी यात एकत्र येत असल्यामुळे स्त्रिया नेमक्या कोणत्या वळणावर गळतात हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

हे काम का करायचे: गटाला सांगण्याजोगा पुरावा

पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारते की तंत्रज्ञान तर सर्वांसाठी सारखेच असते, मग त्यात स्त्री-पुरुष कुठून आले. या प्रश्नाला उत्तर देताना २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा आधार घ्यावा. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. एकत्रित अचूकता पाहणाऱ्याला हा फरक दिसलाच नसता. वर्ण आणि लिंग यांनुसार निकाल वेगळे काढले म्हणून तो उघड झाला. निष्कर्ष नावानिशी जाहीर झाल्यानंतर संबंधित कंपन्यांनी पुढच्या आवृत्त्यांमध्ये हा फरक बराच खाली आणला, म्हणजे दोष दुरुस्त होण्यासारखा होता, फक्त तो आधी कोणी मोजला नव्हता. दुसरे उदाहरण अधिक साधे आहे. ॲपलने २०१४ साली आरोग्याच्या नोंदी ठेवणारे ॲप आणले, त्यात अनेक सूक्ष्म गोष्टींची नोंद करण्याची सोय होती, परंतु मासिक पाळीची नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. ज्या गोष्टीची नोंद जगातल्या निम्म्या वापरकर्त्यांना हवी असते, ती आराखडा ठरवणाऱ्यांच्या यादीत आलीच नाही.

पायरी पहिली: आपल्याच गटाची मोजणी

काम सुरू करण्याआधी विभागातील वस्तुस्थिती कागदावर आणावी. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार १ एप्रिल २०१८ रोजी देशातील संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते. आपल्या विभागाचा आकडा याहून चांगला असेल तर समाधान वाटणे साहजिक आहे, परंतु एकूण टक्केवारी फसवी ठरू शकते. पदवीच्या वर्गात मुली पुष्कळ असतात, पदव्युत्तर वर्गात कमी होतात, पीएच.डी.साठी आणखी कमी नोंदणी करतात आणि प्रकल्पाच्या प्रमुखपदी एखादीच असते. म्हणून तक्ता पायऱ्यांनुसार करावा: अर्ज किती आले, मुलाखतीला किती बोलावले, किती निवडल्या गेल्या, किती टिकल्या, किती प्रमुख संशोधक झाल्या. गळती नेमकी कोणत्या पायरीवर आहे हे त्यातून कळते, आणि उपाय त्याच पायरीवर करायचा असतो.

त्याच्या शेजारी कामाच्या वाटपाचा दुसरा तक्ता ठेवावा. मॉडेल (डेटावरून शिकणारी संगणकप्रणाली) कोण तयार करते, सर्व्हरचे पासवर्ड कोणाकडे आहेत, परिषदेत सादरीकरण कोण करते, बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिते, पाहुण्यांच्या चहापाण्याची व्यवस्था कोणाकडे असते, अहवालाचे शुद्धलेखन कोण तपासते, हे नावांशिवाय फक्त स्त्री, पुरुष, अन्य अशा नोंदीने लिहावे. गटात निम्म्या मुली असूनही इतिवृत्त आणि शुद्धलेखन त्यांच्याकडे व सर्व्हर व सादरीकरण मुलांकडे, अशी विभागणी अनेक ठिकाणी कोणी न ठरवता रुळलेली असते. ती दिसली की सहा महिन्यांच्या आळीपाळीचे वेळापत्रक लावणे अवघड जात नाही. गट लहान असेल तर आकड्यावरून व्यक्ती ओळखता येते, म्हणून असा तक्ता भिंतीवर न लावता विभागाच्या पातळीवर एकत्र करून मगच प्रसिद्ध करावा.

पायरी दुसरी: प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या निधी कार्यक्रमाने या बाबतीत घालून दिलेली चौकट आपल्याला उपयोगी पडते. २०२२ पासून संघातील व सहयोगी देशांतील सार्वजनिक संस्था, विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांना निधीस पात्र ठरण्यासाठी लिंगसमानता आराखडा असणे बंधनकारक झाले. हा आराखडा सर्वोच्च पदाधिकाऱ्याच्या सहीने जाहीर केलेला असावा, त्यासाठी माणसे व पैसा वेगळा ठेवलेला असावा, दरवर्षी लिंगनिहाय आकडेवारी गोळा व्हावी आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, अशा त्याच्या चार अटी आहेत. शिवाय संशोधनाच्या आशयातच लिंगाचा विचार कसा केला आहे हे प्रस्तावात लिहावे लागते आणि त्याचे मूल्यमापन होते. भारतीय भागीदार संस्थेवर आराखड्याची सक्ती नाही, परंतु युरोपातील विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रस्ताव लिहिणाऱ्या गटाला आशयाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, आणि ते ऐनवेळी लिहिलेले असेल तर परीक्षकाच्या चटकन लक्षात येते. आपल्याकडे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० साली ‘गती’ हा उपक्रम ब्रिटनमधील अथेना स्वान या मानांकनाच्या धर्तीवर सुरू केला आणि प्रायोगिक टप्प्यात ३० संस्थांना स्वतःचे मूल्यमापन करण्यास प्रवृत्त केले. आपली संस्था त्यात नसली तरी संस्थेने स्वतःची आकडेवारी स्वतः तपासण्याची ही पद्धत कोणालाही अवलंबता येते.

प्रस्तावात एक स्वतंत्र परिच्छेद लिहावा आणि तो नेमका असावा. ‘प्रकल्पात लिंगसमानतेचे तत्त्व पाळले जाईल’ हे वाक्य कोणालाच बांधून ठेवत नाही. त्याऐवजी आपल्या उदाहरणात असे लिहिता येईल: आवाजाच्या नमुन्यांत स्त्रियांचा वाटा किमान निम्मा असेल, चाचणीचे निकाल स्त्री व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र दिले जातील, दोहोंमधील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सेवा खुली केली जाणार नाही.

आणि याचा खर्च मांडावा. स्त्रियांचे नमुने गोळा करण्यासाठी स्त्री सर्वेक्षक लागतात, त्यांना गावात सुरक्षित ये-जा करण्यासाठी वाहन लागते, दुर्गम भागात दोघींनी मिळून जावे लागते, लहान मूल असलेल्या संशोधिकेला परिषदेला जाताना मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीचा प्रवासखर्च लागू शकतो. या बाबी अंदाजपत्रकात नसतील तर मुदत जवळ आल्यावर जो नमुना सहज मिळतो तोच गोळा होतो, आणि सहज मिळणारा नमुना म्हणजे वसतिगृहातील मुलांचे आवाज. काही निधी संस्थांच्या नियमांत बालसंगोपनाचा खर्च बसत नाही. अशा वेळी ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या निधीतून देण्याचे पत्र प्रस्तावासोबत जोडता येते का, हे आधी विचारून घ्यावे.

पायरी तिसरी: माणसांची निवड

महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत मिळते. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा सुरू केल्या आणि त्यांचे प्रमाण २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. तेव्हा पात्र मुली मिळतच नाहीत हे उत्तर आता पुरेसे नाही. जाहिरात कुठे लागते ते पाहावे. प्रकल्प सहायकाच्या जागेची माहिती फक्त प्रमुखांच्या ओळखीतून किंवा मुलांच्या वसतिगृहातील व्हॉट्सॲप गटातून फिरत असेल तर अर्ज कोणाचे येणार हे ठरलेलेच आहे. निवडीचे निकष मुलाखतीच्या आधी लिहून काढावेत, प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, आणि लग्न, नवऱ्याची बदली, मूल यांविषयीचे प्रश्न समितीने विचारू नयेत अशी लेखी सूचना द्यावी. ‘रात्री थांबावे लागेल, जमेल का?’ हा प्रश्न फक्त मुलींना विचारला जातो. तो सर्वांना विचारावा किंवा कोणालाच विचारू नये.

अर्जांची छाननी सॉफ्टवेअरवर सोपवण्याचा मोह हल्ली वाढला आहे. ॲमेझॉनने अशीच एक प्रणाली तयार करून पाहिली होती, आणि रॉयटर्सने २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार मागील वर्षांचे, बहुतांशी पुरुषांचे अर्ज पाहून शिकलेली ती प्रणाली ‘महिलांच्या’ हा उल्लेख असलेल्या अर्जांना खालचे गुण देऊ लागली, म्हणून ती सोडून द्यावी लागली. जुन्या निवडीतला कल शिकलेले यंत्र तोच कल पुढे चालवते.

खंड पडलेल्या कारकिर्दीकडे पाहण्याची पद्धतही बदलावी. पाच वर्षांत किती शोधनिबंध, असे विचारण्याऐवजी प्रत्यक्ष काम केलेल्या वर्षांचा हिशेब धरावा. केंद्र सरकारची महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ पासून खंडानंतर परतणाऱ्या संशोधिकांसाठीच सुरू झाली आणि पुढे २०१४ मध्ये ‘किरण’ या व्यापक योजनेखाली आली. चालू वर्षातील घटक व वयोमर्यादा विभागाच्या संकेतस्थळावर पाहून त्याची माहिती जाहिरातीतच द्यावी. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते आणि पूर्णत्वाच्या मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. हे कित्येक विद्यार्थिनींना ठाऊक नसते, आणि मार्गदर्शकाला विचारण्याचा संकोच वाटतो. नोंदणीच्या दिवशी दिल्या जाणाऱ्या कागदांतच ही तरतूद छापलेली असावी.

पायरी चौथी: डेटा गोळा करणे

सर्वाधिक वेळ, पैसा आणि विचार इथे द्यावा लागतो, कारण इथे राहिलेली उणीव पुढे कितीही चांगले मॉडेल वापरले तरी भरून निघत नाही.

सुरुवात यादीपासून करावी. शेतकऱ्यांची यादी कुठून घेणार? सातबारा हा सर्वांत सोयीचा आधार वाटतो. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के आहे, आणि दुसरीकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य शेतीतच राबतात. खुरपणी, वेचणी, लावणी, जनावरांचा चारापाणी यांतले प्रश्न त्यांना रोज पडतात, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते. म्हणजे सातबाऱ्यावरून नमुना काढला की शेती करणारी स्त्री मोजणीच्या आधीच वगळली गेली. त्याऐवजी बचत गटांच्या याद्या, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या गावपातळीवरील संस्था, शेतमजूर स्त्रियांचे गट आणि ग्रामपंचायतीची कुटुंबयादी एकत्र वापरावी. बचत गटात नसलेल्या, सर्वांत गरीब आणि भूमिहीन स्त्रिया यातही निसटतात. त्यांच्यासाठी वस्तीवर जाऊन वेगळा नमुना घ्यावा. सगळ्या स्त्रिया एकसारख्या नसतात: दलित वस्तीतील मजूर स्त्री, ऊसपट्ट्यातील बागायतदाराची सून आणि नंदुरबारकडची भिल्ली किंवा पावरी बोलणारी शेतकरीण यांचे आवाज, शब्द आणि प्रश्न वेगवेगळे असतात.

त्यानंतर फोनचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५३.९ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ५७.१ टक्के, तर स्त्रियांत ३३.३ टक्के होते. ॲपवरून आवाज मागवायचे ठरवले तर नमुना आपोआप पुरुषांकडे, त्यातही तरुण आणि शिकलेल्या पुरुषांकडे झुकेल. मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या लोकसहभागाच्या उपक्रमात मराठी आहे आणि तो डेटा खुला आहे, ही मोठी सोय आहे. मात्र असा कोणताही खुला संच घेताना त्यातील बोलणाऱ्यांची लिंगनिहाय, वयोनिहाय मोजणी आधी करावी आणि ज्यांनी लिंग नोंदवलेच नाही त्यांची संख्याही लिहावी.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाच्या वेळी लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी छोट्या असतात आणि निर्णायक ठरतात. सकाळी नऊ वाजता गावात पोहोचलेला गट पारावर बसतो, पुरुष जमतात, बायका दारातून पाहतात आणि तासाभरात नमुना ‘पूर्ण’ होतो. बायकांना सवड दुपारी असते, किंवा रात्रीची भांडी झाल्यावर. ओट्यावर सासरे बसलेले असताना सून हळू आवाजात, पदर सावरत, अर्धे वाक्य बोलते. तेच विहिरीवर किंवा बचत गटाच्या बैठकीत भरभरून बोलते. म्हणून जागा आणि वेळ त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. स्वयंपाकघरातला, गोठ्यातला, रडणाऱ्या मुलाचा आवाज ध्वनिफितीत आला म्हणून ती बाद करू नये, कारण सेवा वापरली जाणार आहे ती त्याच परिस्थितीत. ‘गुणवत्ता’ या नावाखाली गोंगाट असलेले नमुने गाळले की त्यात बायकांचेच नमुने जास्त जातात. गाळलेल्या नमुन्यांची लिंगनिहाय मोजणी ठेवली तर हे लगेच उघड होते. बोलणाऱ्यांची संख्या वाक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे. वीस बायकांकडून शंभर-शंभर वाक्ये घेण्यापेक्षा दोनशे जणींकडून दहा-दहा घेतलेली केव्हाही चांगली.

संमतीचा मुद्दा गंभीर आहे. संमती त्या बाईची हवी, तिच्या नवऱ्याची नव्हे, आणि ती मराठीत, वाचून दाखवून, नाही म्हणण्याची मोकळीक देऊन घेतलेली हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि ठरावीक हेतूपुरती असावी असे सांगितले आहे आणि ती मागे घेण्याचा हक्कही दिला आहे. आवाजावरून गावात व्यक्ती ओळखता येते. कर्जाविषयी किंवा घरातल्या तंट्याविषयी एखादी बोलून गेली असेल तर तो भाग कापूनच डेटा पुढे पाठवावा. मोबदला तिच्या हाती किंवा तिच्या खात्यात द्यावा.

अर्जातील लिंगाच्या रकान्यात स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, सांगू इच्छित नाही असे पर्याय द्यावेत आणि ते ज्याचे त्याने सांगावेत. सर्वेक्षकाने पाहून भरू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलेला आहे.

पायरी पाचवी: लेबलिंग (ध्वनिफितीतले बोलणे लिहून काढणे) आणि मराठीची परीक्षा

मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते, त्यामुळे मराठीसाठी काम करणाऱ्या गटाला इंग्रजीसाठी तयार केलेले परीक्षासंच जसेच्या तसे चालत नाहीत. ‘मी फवारणी करते’ आणि ‘मी फवारणी करतो’ यांत फरक दिसतो, ‘मी बाजारात गेले’ आणि ‘गेलो’ यांतही दिसतो. परंतु ‘मी काल फवारणी केली’ किंवा ‘मी उद्या फवारणी करीन’ या वाक्यांत बोलणारा कोण हे कळतच नाही. परीक्षासंचात अशीच वाक्ये भरली तर यंत्रणा निर्दोष वाटेल. त्यामुळे वर्तमानकाळातील आणि अकर्मक भूतकाळातील वाक्ये दोन्ही रूपांत, समान संख्येने ठेवावीत आणि स्त्रीच्या आवाजातले ‘करते’ यंत्रणा ‘करतो’ असे उतरवते का, हे वेगळे मोजावे. याच्या उलट एक सावधगिरी: कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात. क्रियापदावरून बोलणाऱ्याचे लिंग ठरवणारी यंत्रणा तिथे हमखास चुकेल, आणि ‘आलो’ला ‘आले’ करणारा लेबल लावणाराही चुकेल. जे बोलले तेच उतरवावे ही सूचना लेबलिंगच्या पुस्तिकेत उदाहरणासह असावी.

यंत्रणेच्या उत्तरांकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. ‘तुम्ही कोणते पीक घेता?’ हे वाक्य दोघांनाही चालते, ‘तू कोणते पीक घेतोस?’ हे चालत नाही. शिवाय अनोळखी शेतकऱ्याला अरेतुरे करणे शोभतही नाही. उत्तरे इंग्रजीतून यंत्राने भाषांतरित होऊन येत असतील तर तलाठी, कृषी सहायक, पशुवैद्य, सरपंच, परिचारिका, अंगणवाडीतील कर्मचारी अशा वीस-पंचवीस पदांची साधी वाक्ये करून पाहावीत. प्रत्येक सरपंचाला ‘आले’, ‘म्हणाले’ लागते का? महाराष्ट्रात सरपंचपदांपैकी निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा ही चूक किरकोळ मानता येणार नाही. सल्ल्याचा आशयही तपासावा: ट्रॅक्टर, कर्ज आणि बाजारभावाची उत्तरे भरपूर, पण परसबाग, शेळीपालन, बियाणे साठवण आणि वेचणी करताना हातांना होणारा त्रास यांविषयी काहीच नाही, असे आढळले तर ज्ञानसाठा पुरुषांच्याच प्रश्नांवर उभा राहिला आहे असे समजावे.

पायरी सहावी: चाचणी आणि थांबण्याचा निकष

बोललेले शब्द मजकुरात उतरवताना किती शब्द चुकले, हे प्रमाण सर्वत्र मोजले जाते. ते एकत्र मोजले तर काय होते हे आकड्यांत पाहू. समजा चाचणीत ८० टक्के शब्द पुरुषांचे व २० टक्के स्त्रियांचे आहेत, पुरुषांच्या बोलण्यात १० टक्के शब्द चुकतात आणि स्त्रियांच्या बोलण्यात ३० टक्के. एकत्रित चूक १४ टक्के येते. अहवालात १४ टक्के छापले जाते, निधी संस्था समाधानी होते, आणि तिकडे स्त्रीच्या दर दहा शब्दांतले तीन चुकत राहतात. म्हणून चाचणीसंचात दोहोंचा वाटा समान असावा, निकाल स्वतंत्र स्तंभांत यावेत, आणि शक्य असेल तिथे लिंग व बोली, लिंग व वय असे जोडून काढावेत. एकाच व्यक्तीचा आवाज मॉडेलच्या प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे येणार नाही याची खात्री करावी, अन्यथा निकाल फुगतो.

फरक आढळला तर कारण शोधावे लागते. स्त्रियांच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असते, पुरुषांची त्याहून बरीच खाली. पुरुषांच्या आवाजावर वाढलेले मॉडेल उंच पट्टीत अडखळू शकते. पण कित्येकदा कारण आवाजात नसून शब्दसंग्रहात असते: बायका वापरतात ते वेचणी-निवडणीचे शब्द प्रशिक्षणाच्या मजकुरात आलेलेच नसतात. चुकलेल्या शंभर वाक्यांची यादी हाताने वाचली तर हे दोन दिवसांत उमगते. मग त्याच प्रकारचे नमुने आणखी गोळा करावेत आणि चाचणी पुन्हा करावी.

निकष चाचणीच्या आधी ठरवावा. स्त्री-पुरुषांतील फरक किती टक्क्यांच्या आत आला तर सेवा खुली करायची हे प्रस्तावातच लिहिलेले असेल तर मुदत संपत आल्यावर वाद होत नाही. हा निकष बदलायचा असेल तर त्याचे कारण लिहून, प्रमुखांच्या सहीने बदलावा. मजकुराच्या अचूकतेखेरीज प्रत्यक्ष वापराची चाचणीही हवी: दहा-पंधरा स्त्रियांच्या हाती फोन देऊन, शेजारी बसून, त्यांना स्वतःचा प्रश्न विचारू द्यावा आणि त्या कुठे थांबतात ते पाहावे. सामायिक फोनवर मागील प्रश्नांची यादी उघडी राहणे कित्येकींना नको असते. ती पुसण्याची सोय ठळक दिसेल अशी हवी.

पायरी सातवी: कामाची जागा

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. विद्यार्थिनींना २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचे संरक्षण आहे. कामानिमित्त गेलेले ठिकाण आणि संस्थेने दिलेले वाहनही कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून गावभेटीला निघणाऱ्या प्रत्येक गटाला समितीचा संपर्क लेखी द्यावा. डिजिटल कामात छळ चॅटवर आणि सामायिक कोडवरील शेऱ्यांतूनही होतो. त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवण्यास सांगावे.

बाकी गोष्टी व्यवस्थेच्या आहेत: महत्त्वाच्या बैठका संध्याकाळी सहानंतर नकोत, प्रयोगशाळेजवळ स्वच्छ आणि कुलूप लागणारे स्वच्छतागृह हवे, उशिरा थांबणाऱ्यांसाठी वाहन हवे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे कायद्यानेच पाळणाघर हवे.

पायरी आठवी: श्रेय, पेटंट आणि व्यवसाय

संशोधनातून उत्पादन निर्माण होते तेव्हा नावांचा प्रश्न येतो आणि इथे अन्याय मुकाट्याने घडतो. डेटा गोळा करणे आणि लेबलिंग हे ‘मदतीचे काम’ मानले जाते, आणि ते बहुधा मुलींनी केलेले असते. शोधनिबंधाचे लेखक कोण आणि कोणत्या क्रमाने, हे काम सुरू करतानाच लिहून ठेवावे, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष कामाप्रमाणे त्यात बदल करावा. पेटंटमध्ये संशोधक म्हणून ज्यांनी कल्पनेत भर घातली त्यांची नावे येतात; प्रयोगाची वही नियमित, तारखेसह आणि सहीने लिहिण्याची सवय असेल तर नंतर कोणाचे नाव गळत नाही.

भारतीय पेटंट नियमांत २०१९ च्या दुरुस्तीपासून एक उपयुक्त तरतूद आहे: अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असेल तर तातडीच्या तपासणीची विनंती करता येते. अर्ज संस्थेच्या नावे असेल तर ही वाट लागू होत नाही. सरकारी संस्था, स्टार्टअप आणि लघुघटकांसाठी वेगळे निकष आहेत. फायद्यासाठी घरातल्या स्त्रीचे नाव घालण्याचा प्रकार मात्र होऊ देऊ नये. त्याने खऱ्या संशोधिकेचे नुकसान होते.

व्यवसाय उभा करायचा असेल तर भागीदारीचा करार पाहावा. राज्य सरकारची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना १ ते २५ लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य देते, आणि त्यासाठी कंपनीत संस्थापक स्त्रीचा वाटा किमान ५१ टक्के असावा लागतो. हा वाटा कागदोपत्री न ठेवता सहीचे, बँक खात्याचे आणि नेमणुकांचे अधिकार तिच्याकडे असावेत. अर्ज करण्यापूर्वी चालू शासन निर्णय वाचावा, कारण उलाढालीच्या आणि नोंदणीच्या अटी त्यात असतात.

पायरी नववी: वार्षिक अहवाल

पहिल्या पायरीतले दोन्ही तक्ते, चाचणीचे स्वतंत्र स्तंभ, गाळलेल्या नमुन्यांची मोजणी आणि लिंगसमानतेच्या बाबींवर प्रत्यक्ष झालेला खर्च, एवढ्या गोष्टी चार पानांत बसतात. हा अहवाल एका व्यक्तीच्या नावे असावा, तिच्या कामाच्या तासांत त्याची गणना व्हावी आणि ते काम आपसूक विभागातील सर्वांत कनिष्ठ प्राध्यापिकेकडे ढकलले जाऊ नये. प्राचार्यांची किंवा संचालकांची सही घेऊन तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची बैठक ठरते त्याच्या किमान महिनाभर आधी तो सदस्यांच्या हाती पडेल अशी तारीख प्रकल्पाच्या वेळापत्रकात आजच घालून ठेवावी.